कॉयरच्या ताटलीतल्या नऊ चिठ्ठ्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही, गुडघे टेकून डोळे मिटल्यावरही नाही – तिथे तर मुद्दाम नाही. सतरा वर्षं प्रार्थनेत मी बाकीची पापं ओळीने म्हणत आलो, आणि या एकापाशी आलो की उधारीच्या दुकानासमोरून माणूस गल्ली बदलतो तसा वळत आलो. एकाच माणसाला सांगितलं, तेही या जानेवारीत. ते पुढे येईल.

आधीच सांगून ठेवतो, माझा सूर बरा नाही. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिल्यावर लोक एक मऊ, ओला आवाज काढतात ना – तो मीही पुष्कळदा काढला आहे, छान जमतो मला. आज नाही काढणार. आज मला राग आला आहे. कुणाचा, हे विचारू नका. वाचाल तसं कळेल.

मी सातपूरला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे माझं काम माल नाकारण्याचं. केसाएवढा फरक दिसला तरी पेटी परत. लोक म्हणतात, साहेब फार कडक. चर्चमध्ये मी पंच कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत, आणि रविवारी सकाळी मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवतो. तिथेही कडक. आणि माझं अक्षर चांगलं आहे. ही बढाई नाही. अक्षर चांगलं नसतं तर हे घडलंच नसतं, म्हणून सांगितलं.

आमच्या मंडळीत एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेत वचनं काढतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नाच्या जुन्या आमंत्रणपत्रिका असतात ना, त्यांची कोरी पाठ कापायची, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करायच्या, आणि प्रत्येकीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन लिहायचं. मग पट्टीची सुरळी करून लाल लोकरीच्या दोऱ्याने बांधायची. पितळेच्या दोन पराती – एक पुरुषांच्या बाजूला, एक बायकांच्या. उपासना संपताना लोक रांगेने पुढे येतात आणि एकेक सुरळी उचलतात. ते त्यांचं त्या वर्षाचं वचन. कुणी ते फ्रिजवर चिकटवतं, कुणी रिक्षाच्या काचेला, कुणी पाकिटात ठेवतं. वर्षभराची शिदोरी. यात वाईट काही नाही. आमचे त्या वेळचे पाळकसाहेब दरवर्षी बजावायचे, ‘बंधूंनो, हा पंचवटीतला पोपटवाला नव्हे. देवाला चिठ्ठीत बांधू नका.’ लोक हसायचे आणि डोळे मिटून, ओठ हलवत, परातीत हात घालायचे.

कॉयरची गोष्ट वेगळी. रांग चालू असते तोवर कॉयर गात असतो, त्यामुळे त्यांना जागा सोडता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी एक लहान स्टीलची ताटली वेगळी काढायची आणि शेवटी बाजाच्या पेटीपाशी नेऊन द्यायची. कॉयरमध्ये तेव्हा नऊ जण होते. ताटलीत नऊ चिठ्ठ्या.

चिठ्ठ्या लिहिणारा मी. ताटली भरणारा मी. नेऊन देणारा मी. आता तुम्हाला थोडं दिसायला लागलं असेल.

नऊमध्ये एक करुणा होती. माझी धाकटी बहीण.

करुणा तेव्हा पंचवीस वर्षांची. नर्सिंग पुरं करून तीन वर्षं एका नर्सिंग होममध्ये काम केलेलं. मस्कतच्या एका हॉस्पिटलात तिची निवड झाली होती. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण आधीच तिकडे गेली होती, तिने नाव सुचवलं. पासपोर्ट आला होता. पत्र आलं होतं. ते पत्र तिने इतक्या वेळा घडी घालून उघडलं होतं की घडीवर कागद मऊ झाला होता. समुद्र तिने तोवर पाहिलाही नव्हता. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो असं मैत्रिणीने फोनवर सांगितलेलं, ते ती येईल त्याला सांगायची. दूधवाल्यालासुद्धा.

आणि ऑक्टोबरात आईला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं अर्धं राहिलं. वडील तर आम्ही लहान असतानाच गेलेले. घरात आम्ही तिघंच.

करुणा अडकली. जावं की राहावं? पत्राचं उत्तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं होतं. डिसेंबरभर ती आईचं करत होती आणि विचार करत होती. मालेगावहून मावशीचा फोन आला – माझ्या आईची सख्खी बहीण, विधवा, हातपाय धड असलेली. म्हणाली, ‘पोरीला जाऊ द्या रे. मी येते ना. मला हितं कोण हाय?’ फोन मी घेतला होता. मी म्हणालो, ‘बघू मावशी, गरज पडली तर कळवतो.’ आणि करुणाला तो फोन सांगितलाच नाही.

का नाही सांगितला?

माझं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. मावशी आली असती तर घर मावशीचं झालं असतं, आणि शिफ्टवरून आल्यावर आईचं निम्मं मला करावं लागलं असतं – मावशी काही आईला एकटीने उचलू शकत नव्हती. खरं सांगू? आता खरंच सांगायचं आहे तर सांगतोच. मला आईचं करायची किळस यायची. ज्या बाईने मला धुतलं, पुसलं, तिची ओली चादर बदलताना मी श्वास रोखायचो. करुणा नसताना दोनदा बदलावी लागली. दोन्ही वेळा हात धुऊन मी बाहेर ओट्यावर बसलो आणि ठरवलं, हे मी नाही करणार.

मोह म्हटलं की लोकांना बाई, बाटली, नाहीतर पैसा आठवतो. संडे स्कूलमध्ये मीही तेच शिकवत असे. माझा मोह ओल्या चादरीपासून लांब राहण्याचा होता. एवढाच. लहान. स्वच्छ. कुणाला दिसणार नाही असा.

नाताळानंतर दोन दिवसांनी करुणा आईच्या उशापाशी बसून म्हणाली, ‘दादा, मी आता डोकं चालवणार नाही. एक तारखेला जे वचन येईल ते. जा म्हणाला तर जाते, राहा म्हणाला तर राहते. मग माझ्या जिवाला खंत नाही.’

मी काय म्हणालो? पंच माणूस, संडे स्कूलचा शिक्षक. पाळकसाहेबांचं ते पोपटवाल्याचं मला पाठ होतं. तिला म्हणायला हवं होतं – करुणा, असं करू नको, देव असा चिठ्ठीतून हुकूम काढत नाही, त्याने तुला बुद्धी दिली आहे, आणि मावशीचा फोन आला होता. एवढंच. दहा सेकंदांचं काम.

मी म्हणालो, ‘विश्वासाने काढ.’

विश्वासाने काढ. हे दोन शब्द लिहिताना आत्ता माझे दात एकमेकांवर घासतायत.

मग मी तीन संध्याकाळी शास्त्र उघडून बसलो. कॉयरची ताटली भरायची होती. नऊ चिठ्ठ्या. करुणा कुठली उचलेल हे माझ्या हातात नव्हतं, म्हणून नऊच्या नऊ एकाच अर्थाच्या हव्या होत्या – राहा, हलू नको, आहेस तिथेच थांब. शब्द वेगळे, अर्थ एक. आणि इथे एक गंमत झाली. गंमत म्हणतोय मी तिला. मला वचनं सापडेनात.

बसून पाहा एकदा. देव सारखा लोकांना पाठवतच असतो. एकाला म्हणतो, बापाचं घर सोड, मी दाखवीन त्या देशात जा. तोतऱ्या माणसाला म्हणतो, राजासमोर जाऊन उभा राहा. एक उलट्या दिशेला पळाला तर त्याला माशाच्या पोटातून परत आणून पाठवतो. कोळ्यांना जाळी सोडायला लावतो, जकात घेणाऱ्याला नाक्यावरून उठवतो. पान उलटावं तिथे जा, जा, ऊठ, नीघ. तीन दिवस मी चाळत होतो आणि चिडत होतो – एवढ्या मोठ्या पुस्तकात ‘घरी बस’ म्हणणारं कुणी नाही का? तो माझ्या तोंडावर बोलत होता, आणि मला फक्त माझ्या कामाचा माल मिळत नाही याचा वैताग होता.

मग मी माल बनवला. एका माणसाला दुष्काळात सांगितलेलं वाक्य होतं, अमुक देशात उतरू नको म्हणून. त्यातला देश गाळला, दुष्काळ गाळला. दुसरं एक अर्ध्यात तोडलं – पुढच्या अर्ध्यात ‘मग नीघ’ होतं. तिसऱ्यातलं ‘सकाळपर्यंत’ काढलं. कारखान्यात असा तुकडा कुणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी पेटी उलटी केली असती. इथे मी सुंदर अक्षरात लिहिलं, शाई वाळू दिली, सुरळ्या केल्या, लाल दोरा बांधला. अध्याय-ओवीचे आकडे टाकायचं राहू दिलं. कुणी ताडून पाहू नये म्हणून.

एक जानेवारीला थंडी होती. कॉयर गात होता. मी ताटली घेऊन पेटीपाशी गेलो. करुणाने पांढरी साडी नेसली होती. तिने गाणं न थांबवता डोळे मिटले, हात घातला, बोटांनी दोन बाजूला सारल्या आणि खालची एक घेतली. मला ते अजून दिसतं – ती दोन बाजूला सारत होती. निवडत होती बिचारी. नऊ सारख्यांतून निवडत होती.

उपासनेनंतर अंगणात चहा आणि केक. सगळे आपापली वचनं वाचून दाखवत होते. आमच्या कॉयरमध्ये शांतवन मामा होते, भरदार आवाजाचे, रिटायर झालेले. त्यांनी आपली वाचली, शेजारणीची वाचली, तिसऱ्याची ओढून वाचली आणि म्हणाले, ‘अरे, काय रे हे! यंदा देवाने कॉयरला हलू नका सांगितलंय. आपली महाबळेश्वरची ट्रिप गेली.’ सगळे खो खो हसले. मी पण हसलो. तेवढ्यात मामा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘काय पंच, तुमच्या पेनाला बेडी घातली होती का?’ पुन्हा हशा. मी केकची बशी मामांच्या पुढे धरली.

मामांची मुलगी त्यांना पुण्याला राहायला बोलावत होती. त्या वर्षी ते जायचे होते. गेले नाहीत. पाच वर्षांनी इथेच, एकटे असताना वारले. चिठ्ठीमुळे थांबले होते का? मी कधी विचारलं नाही. विचारायचं नव्हतं मला.

करुणा हसली नव्हती. ती बाजूला पेरूच्या झाडाखाली चिठ्ठी उघडून उभी होती. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘राहायचं आहे, दादा.’ आवाज अगदी साधा. जसं काही कुणी मोठ्या माणसाने सांगितलं आणि आता वाद नाही. दुसऱ्या दिवशी तिने नकाराचं पत्र टाकलं. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शास्त्रात ठेवली.

मे महिन्यात माझं लग्न झालं. ऑगस्टमध्ये मी पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेऊन वेगळा झालो. सातपूरच्या त्या दोन खोल्यांत करुणा आणि आई. मी रविवारी चर्चनंतर जायचो, फळं घेऊन. आई डावा हात माझ्या डोक्यावर ठेवायची. चादर नेहमी कोरडी असायची.

इथवरचं एक पाप म्हणा. पुढचं त्याहून वाईट आहे. लोक उलटं समजतील, पण मला माहीत आहे कुठलं वाईट.

दोन वर्षांनी करुणाच्या मैत्रिणीने मस्कतहून फोटो पाठवला. खिडकी, आणि खिडकीत समुद्र. त्या रविवारी मी गेलो तेव्हा करुणा फोटो हातात धरून बसली होती. मांडीवर आईचे धुतलेले कपडे, अर्धे घडी केलेले. तिने विचारलं, ‘दादा, एक सांग. त्याला नाहीच पाठवायचं होतं तर ते पत्र माझ्या हातात का दिलं? पासपोर्ट का काढू दिला? देव असा आहे का? लेकराच्या हातात खाऊ ठेवायचा आणि मग बोटं पिळून काढून घ्यायचा?’

त्याच दिवशी सकाळी – ऐका – त्याच दिवशी सकाळी मी मुलांना धडा दिला होता. देव कुणाला मोह घालत नाही. तो गळाला आमिष लावून बसलेला नाही. आपलीच इच्छा आपल्याला ओढते, आणि नाव त्याचं होतं. तो देतो ते चांगलं देतो, आणि दिलेलं खेळ म्हणून हिसकावत नाही. फळ्यावर मासा काढला होता मी, गळ काढला होता. एका मुलीने विचारलं, मग गळ कुणाचा? मी म्हणालो, आपलाच, बेटा. वर्गात सगळ्यांना कळलं.

आणि काही तासांनी माझ्या बहिणीला मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, ‘देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांची परीक्षा पाहतो, करुणा.’

तिथे मी सांगू शकत होतो. वय अजून सत्तावीस होतं तिचं. मावशी जिवंत होती. पुन्हा अर्ज करता आला असता. नाही. गळ माझा होता आणि मी तो त्याच्या हातात दिला. ज्याने काही केलं नव्हतं त्याच्या हातात. मग वर त्याला प्रेमळ म्हटलं. बहिणीचे पाय मी एकदा बांधले. पण तिचा देव मी त्या दिवशी बदलला. चांगल्याच्या जागी एक लबाड, छळणारा, हसऱ्या तोंडाचा कुणीतरी बसवला – बघितलं तर मीच – आणि म्हणालो, याला नमस्कार कर.

तिने केला नाही. एवढी अक्कल तिला होती. ती हळूहळू चर्चला यायची बंद झाली. आधी प्रभुभोजन घेणं थांबवलं, मग कॉयर सोडला, मग नाताळालाही आली नाही. आणि मंडळी बोलायला लागली. अमुकची बहीण थंड पडली. विश्वास कमी. आईची सेवा करते पण तोंड कडू. एकदा पंच कमिटीत तिचं नाव निघालं. एक बाई म्हणाल्या, ‘मन कठीण केलंय तिने. देवाचं वचन मिळूनही कुरकुर.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, दोन बोटं कपाळाला लावली आणि म्हणालो, ‘आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या.’

आणि केली. मोठ्याने. मऊ, ओल्या आवाजात. लोकांचे डोळे भरून आले.

माझं ते ‘आमेन’ कुणी तोंडात कोंबून परत घशात घातलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटतं. कुणी नाही घातलं. उलट माझा मान वाढला – किती सोसतो बिचारा, बहिणीचं दुःख. वर्षामागून वर्ष मी चिठ्ठ्या लिहीत राहिलो. हात कापला नाही. झोप उडाली नाही. माणूस पापाने खंगतो म्हणतात. मी खंगलो नाही, माझं वजन वाढलं. खंगली ती. आईला उचलून उचलून तिची कंबर गेली.

आई गेल्या ऑगस्टमध्ये गेली. अंत्यविधीला करुणा कित्येक वर्षांनी चर्चमध्ये आली, मागच्या बाकावर बसली, गाणं म्हटलं नाही. डिसेंबरात आईचं कपाट आवरायला तिने मला बोलावलं. साड्या, चष्मा, औषधांचे डबे. तिचं शास्त्रही त्याच कपाटात होतं. त्यातून तिने प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. पिवळी पडलेली पट्टी, पाठीमागे कुणाच्या तरी लग्नाचं अर्धं नाव, लाल दोरा अजून तसाच. माझं अक्षर.

ती म्हणाली, ‘हे तू ठेव. तू पंच आहेस. फाडायला हात होत नाही आणि मला घरात नको.’

मी ती खिशात घातली आणि घरी आलो. तेव्हाही बोललो नाही. त्याच टेबलावर बसून या वर्षाच्या चिठ्ठ्या लिहिल्या, दोनशेच्या वर, खिशात ती एक असताना. माझ्यावर रागावताना हेही धरा.

एक जानेवारीला मी परातीपाशी उभा होतो. रांगेत एक बाई आली, तिशीतली, ओळखीची नाही फारशी. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि हात घालून वरच्या दोन चिठ्ठ्या बाजूला सारल्या. बोटांनी. तसंच. काय ठरवून आली होती कोण जाणे – कुणाचं ऑपरेशन, कुणाशी काडीमोड, कुठली नोकरी. आणि मला प्रथमच, सतरा वर्षांत प्रथमच, भीती वाटली. शिक्षेची नाही. मी कुणाच्या जागी उभा आहे त्याची.

त्यानंतरच्या गुरुवारी मी सुट्टी टाकून दुपारी करुणाकडे गेलो. ती ओट्यावर ताटलीत मटार सोलत बसली होती. आई गेल्यापासून ती पुन्हा नर्सिंग होममध्ये जायला लागली होती; त्या दिवशी संध्याकाळची ड्यूटी होती, पांढरा गणवेश इस्त्री करून दारामागे टांगलेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मावशीचा फोन. तीन संध्याकाळी. तोडलेली वचनं. ताटली. परीक्षेचं ते वाक्य. कमिटीतली प्रार्थना. तिने मध्ये थांबवलं नाही, सोलणंही थांबवलं नाही. माझं संपलं तेव्हा तिने विचारलं, ‘नऊच्या नऊ?’

‘नऊच्या नऊ.’

‘शांतवन मामांनापण?’

‘हो.’

तिने एक शेंग उघडली, दाणे काढले, टरफल दुसऱ्या बाजूला टाकलं. मला वाटलं होतं ती रडेल. शिव्या देईल. ताटली फेकून मारेल – मी त्या तयारीने गेलो होतो, फेकून मारली असती तर सोपं गेलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे तो बोललाच नव्हता.’

मग पुन्हा, जरा हळू, ‘तो बोललाच नव्हता.’

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

‘सतरा वर्षं मी त्याच्याशी भांडले, दादा. रोज. आईला पुसताना, कूस बदलताना. काय काय बोलले मी त्याला, तुला ऐकवणार नाही. लबाड म्हटलं. आणि तो ऐकून घेत राहिला. एकदाही म्हणाला नाही, मी नव्हतो.’ मटारची ताटली तिने खाली ठेवली. ‘तुझं नावसुद्धा घेतलं नाही त्याने.’

हे ती माझ्यावर दया म्हणून बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. ती त्याच्याबद्दल बोलत होती. मी त्या बोलण्यात नव्हतोच.

ती उठली, हात पुसले, गणवेश काढून घेतला आणि आत जाताना म्हणाली, ‘तू जा आता. आणि हे लिहून काढ. तुझं अक्षर चांगलं आहे.’

मी विचारलं, कुणासाठी.

‘माझ्यासाठी नको, मला कळलं. ज्यांनी ज्यांनी तुझ्या हातातून चिठ्ठी उचलली त्यांच्यासाठी. सगळं लिही. अर्ध्यात तोडू नको.’

म्हणून हे लिहिलं आहे. या रविवारी उपासनेनंतर हे सूचनाफलकावर लागेल. पाळकसाहेबांच्या हातात आधी देईन. कमिटी सोडल्याचं पत्र वेगळं आहे. त्यात मी कारण ‘वैयक्तिक अडचण’ असं लिहिलं होतं. ते फाडलं आणि पुन्हा लिहिलं. करुणा चर्चला आली का, हे तुम्ही विचाराल. आली नाही. येईल की नाही हे तिचं आणि त्याचं आहे. त्या दोघांच्या मध्ये मी पुरेसा उभा राहिलो.

तिचं वय आता बेचाळीस. कंबर दुखते. समुद्र तिने अजून पाहिलेला नाही.

कागद साधा फुलस्केप आहे. कुठे काही गाळलेलं नाही, सुरळी केलेली नाही, दोरा बांधलेला नाही. खाली नाव माझं आहे. त्याचं नाही.